दोन गावांच्या शाळा एका तक्त्यात मांडण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बडोद्यात एम.एड. करता आहात आणि प्रबंधासाठी दोन सरकारी प्राथमिक शाळा निवडल्या आहेत. एक पादरा तालुक्यातली, पटावर १८४ मुलं. दुसरी छोटाउदेपूर तालुक्यातली, पटावर २२६. दोन्ही पहिली ते आठवी, दोन्ही गुजराती माध्यमाच्या. पाचवी ते आठवीच्या सत्रान्त परीक्षेत पहिल्या शाळेची सरासरी ६४ टक्के, दुसरीची ५१. दुसऱ्या शाळेत जवळजवळ सगळी मुलं राठवा या आदिवासी समाजाची आहेत. तुम्ही विचारता की, ‘पहिली शाळा शैक्षणिकदृष्ट्या सरस आहे आणि दुसरी मुलांच्या सामाजिक पार्श्वभूमीमुळे मागे आहे, असा निष्कर्ष काढता येईल का? त्यासाठी कोणते तक्ते करावेत?’

या आकड्यांवरून तसा निष्कर्ष काढू नका. कदाचित तो खराही निघेल, पण हे आकडे तो सिद्ध करत नाहीत. तक्त्यांचं नंतर बघू. आधी एक गुंता सोडवायला हवा, कारण तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. या मुलांना आज काय येतं, हा एक. शाळेने त्यांना काय दिलं, हा दुसरा. सत्रान्त परीक्षेची सरासरी पहिल्याचं थोडंफार उत्तर देते. दुसऱ्याबद्दल ती जवळपास गप्प असते, आणि ‘शाळा सरस’ असं म्हणताना तुम्ही दुसऱ्याचंच उत्तर देत असता.

माझी सगळी नोकरी बडोदा जिल्ह्यात गेली. घरात मराठी, वर्गात गुजराती. सुरुवातीची वर्षं पादऱ्याकडे शिक्षिका होते, पुढे सी.आर.सी. को-ऑर्डिनेटर, म्हणजे शाळांच्या एका समूहाकडे बघणारी, झाले, शेवटी शिक्षकांच्या प्रशिक्षणात आले. मधली चार वर्षं छोटाउदेपूरकडे काढली. तेव्हा तो भाग बडोदा जिल्ह्यातच होता; २०१३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. हे तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून इथेच सांगते. २०११ची जनगणना किंवा ‘असर’ या घरोघरच्या शैक्षणिक पाहणीचे त्या सुमाराचे बडोदा जिल्ह्याचे आकडे घेतलेत तर त्यात आजचं छोटाउदेपूर धरलेलं आहे. आजच्या बडोदा जिल्ह्याच्या आकड्यांशी त्यांची तुलना केली की जिल्हा एकदम सुधारल्यासारखा दिसतो. सुधारला असेलही, पण त्यातला काही भाग नकाशावरची रेघ हलल्याचा आहे. गावाच्या पातळीवर मात्र जनगणनेचे आकडे चालतात. साक्षरता, स्त्रियांची साक्षरता, अनुसूचित जाती-जमातींची संख्या, शेतकरी किती आणि शेतमजूर किती, हे सगळं गावनिहाय मिळतं.

आता ते ६४ आणि ५१ पाहू. पेपर वरून आले असले तरी बहुतेक इयत्तांत ते तपासतात त्याच शाळेतले शिक्षक. एक शिक्षक शुद्धलेखनाच्या चुकीला अर्धा गुण कापतो, दुसरा उत्तर कळलं की पूर्ण देतो. दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. एकदा प्रशिक्षणात मी एकच उत्तरपत्रिका झेरॉक्स करून एकोणीस शिक्षकांना तपासायला दिली होती. पंचवीसपैकी कुणी अकरा दिले, कुणी एकोणीस. तेव्हा तुमचा पहिला उद्योग हा: दोन्ही शाळांच्या वीस-वीस उत्तरपत्रिका नावं झाकून अदलाबदलीने तपासून घ्या, किंवा स्वतः तपासा. तेरा गुणांच्या फरकातला किती फरक पेनाचा आहे ते आधी कळू द्या.

दुसरी गोष्ट, मुलं किती आहेत ते बघा. पाचवीत अठरा मुलं असतील तर एक मूल म्हणजे साडेपाच टक्के. दोन मुलं तापाने घरी राहिली आणि एक पोरगी मामाकडे लग्नाला गेली, की वर्गाचा निकाल कुठल्या कुठे जातो. एका वर्षाच्या एका वर्गावरून शाळेबद्दल बोलू नये. निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र घ्या.

यापुढचा भाग मात्र सावकाश वाचा. प्रबंधाचं मर्म त्यातच आहे. हातात कागद घ्या. समजा, पादऱ्याच्या शाळेत पाचवी ते आठवीत ८० मुलं आहेत. त्यातल्या ६० जणांची आई निदान आठवीपर्यंत शिकलेली आहे आणि त्यांची सरासरी ७२ आहे. उरलेल्या २० जणांची आई शाळेत गेलेलीच नाही, त्यांची सरासरी ४४. सगळ्यांची मिळून सरासरी येते ६५. आता दुसऱ्या शाळेतही ८० मुलं धरा. तिथे आई शिकलेली मुलं १५च, सरासरी ७५. आई न शिकलेली ६५, सरासरी ५०. एकूण सरासरी ५५ला जरा कमी. पुन्हा एकदा बघा. शिकलेल्या आयांच्या मुलांत दुसरी शाळा पुढे. न शिकलेल्या आयांच्या मुलांतही दुसरीच पुढे. तरी एकूण सरासरीत ती दहा गुणांनी मागे, कारण तिच्या बाकांवर बसणारी मुलंच वेगळ्या घरांतून येतात. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या शाळांत असंच असेल असं माझं म्हणणं नाही. पादऱ्याची शाळा दोन्ही गटांत पुढे निघू शकते. पण गट पाडून बघितल्याशिवाय ते कळणार नाही.

गट पाडताना आईचं शिक्षण का घ्यावं, असं तुमचे मार्गदर्शक विचारतील. माझ्या अनुभवात ही माहिती मिळायला सोपी आणि भरवशाची आहे. उत्पन्न विचारलं तर दाखल्यापुरतं उत्तर मिळतं, जमीन विचारली तर सगळं आजोबांच्या नावावर असतं. आई कितवीपर्यंत शिकली हे मात्र मुलाला माहीत असतं, नसलं तर दुसऱ्या दिवशी विचारून येतं. घरी पाटी-पुस्तक घेऊन शेजारी बसणारं कुणी आहे की नाही, याचा अंदाजही त्यावरून येतो.

तुम्ही अ.जा., अ.ज., बक्षीपंच (म्हणजे इतर मागासवर्गीय) आणि सामान्य अशी चार रकान्यांची सामाजिक विभागणी केली आहे. ती ठेवा, पण तिच्यावर फार भार टाकू नका. पादऱ्याकडच्या शाळेत ‘अ.ज.’ रकान्यात दिसणारं मूल बहुधा वसावा किंवा तडवी मजुराचं असतं. कुटुंब दुसऱ्याच्या शेतावर राहतं, शेत बदललं की शाळा बदलते. छोटाउदेपूरचं राठवा मूल त्याच रकान्यात येतं, पण त्याचं स्वतःचं घर असतं, थोडी डोंगरउताराची का होईना जमीन असते, फळियात, म्हणजे वस्तीत, सगळे नातलग असतात. कागदावर दोघं एक. एकाकडे गाव आहे, दुसऱ्याकडे नाही. ‘आदिवासी विद्यार्थ्यांमुळे’ असं जेव्हा तुम्ही लिहिता तेव्हा यातलं नक्की काय म्हणायचं आहे, हे स्वतःला विचारा. दारिद्र्य, घरची भाषा, स्थलांतर, की शाळेत शिकणारी पहिलीच पिढी? ही चार वेगवेगळी कारणं आहेत आणि चारींवर शाळेला वेगवेगळं काम करावं लागतं. जात किंवा जमात हे त्यातलं एकही कारण नव्हे.

पहिल्या पिढीचं म्हणाल तर त्याला इतिहास आहे, आणि बडोदेकरांना तो ठाऊक असायला हवा. पादरा गायकवाडी मुलखातलं. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला होता. छोटाउदेपूर मात्र वेगळं संस्थान होतं, ब्रिटिशांच्या रेवाकांठा एजन्सीतलं. गायकवाडांचा कायदा तिथे चालत नव्हता. गंमत अशी की आज छोटाउदेपूर जिल्ह्यात असलेला संखेडा त्या काळी गायकवाडी महाल, म्हणजे तालुका, होता, म्हणजे एकाच जिल्ह्यात शाळेचे दोन इतिहास आहेत. कायदा झाला म्हणून पादऱ्याच्या शेतमजुराची पणजी शाळेत गेली असेल, असं मी म्हणत नाही. पण गावात शाळा असणं, पणजोबांनी तिथे चार अक्षरं गिरवणं, हे एका गावात चार पिढ्यांपूर्वी घडलं आणि दुसऱ्यात कदाचित आत्ताच घडतं आहे. प्रबंधात या दोन शाळांची स्थापना-वर्षं आणि गावातली पहिली सातवी पास व्यक्ती कधीची, हे शोधून घाला. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर अर्ध्या तासात कळतं.

आणि महाराजांचीच गोष्ट. नाशिककडच्या कवळाण्याचा हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या दिवशी कुणी त्याची परीक्षा घेतली असती तर त्याच्या खात्यात शून्य पडलं असतं. प्रशिक्षणात मी हे दर वर्षी सांगायची, कारण एका दिवसाच्या गुणांवरून मुलाबद्दल मत बनवण्याची सवय शिक्षकांनाही असते.

आता शाळेतून कोण बाहेर जातं ते बघा. याकडे तुमच्या आराखड्यात अजिबात लक्ष दिलेलं नाही. पादऱ्याकडच्या गावात सकाळी सात वाजता पिवळ्या व्हॅन येतात. पाटीदारांची मुलं आणि ज्यांना थोडंफार परवडतं त्या सगळ्यांची मुलं इंग्रजी माध्यमात जातात. आर.टी.ई.च्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के जागांमुळे गरीब घरातली काही चुणचुणीत मुलंही जातात. गावाच्या अमेरिकेत गेलेल्या लोकांनी दिलेल्या खोल्या, पाण्याचे कूलर, कॉम्प्युटर तुम्हाला शाळेत दिसतील. देणाऱ्यांच्या भावकीतलं मूल त्या खोलीत सापडणं अवघड. म्हणजे शाळेची सामाजिक रचना आणि गावाची सामाजिक रचना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन्ही शेजारी मांडा. जनगणनेचे गावनिहाय आकडे त्यासाठीच हवेत. इतकं करून पुन्हा सहावीत काही मुलं परत येतात, फी झेपत नाही म्हणून. त्यांचा पाया दुसऱ्याच शाळेत घातलेला असतो, चांगला असो की वाईट. वयपत्रकात, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत, आधीच्या शाळेचं नाव असतं, तिथून ही मुलं वेगळी काढता येतील.

छोटाउदेपूरकडे गळती वरच्या टोकाला होते. पाचवीनंतर हुशार मूल नवोदयला लागतं, आश्रमशाळेत जातं, मुलगी कस्तुरबा विद्यालयात जाते, अलीकडे पाचवीतल्या कॉमन एंट्रन्स टेस्टमधून ज्ञानशक्तीच्या निवासी शाळांत जातात. समजा, तिथल्या पाचवीच्या बाईंनी जीव तोडून शिकवलं आणि सहा मुलं निवडली गेली. पुढच्या वर्षी सहावीची सरासरी घसरणार, कारण वर्गातली सहा वरची मुलं नाहीत. शाळेचं यशच तिच्या निकालाला खाली ओढतं. मी अशा शाळेत काम केलं आहे. वरून आलेल्या अधिकाऱ्याने सहावीचे गुण बघून त्या बाईंना चार लोकांत बोल लावले, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून पाचवीनंतर गेलेल्या मुलांची यादी करा, ती कुठे गेली ते लिहा. आठवीची एन.एम.एम.एस. शिष्यवृत्ती मिळालेल्यांची संख्याही घ्या. तिची परीक्षा बाहेरची असते, त्यामुळे शाळेच्या पेनाचा प्रश्न येत नाही.

पटाचं झालं, आता हजेरी. राठवा कुटुंबांपैकी बरीचशी दिवाळी झाली की मजुरीला निघतात, काही काठियावाडकडे शेतीवर, काही बडोद्यातच कडियाकामावर, म्हणजे गवंड्याच्या हाताखाली. आपल्या नव्या सोसायट्यांच्या बांधकामावर वाळूच्या ढिगाऱ्याजवळ खेळणारी जी पोरं दिसतात, त्यातली काही तुमच्या त्या २२६मधली असू शकतील. होळीला सगळे घरी परततात. होळीनंतर कवांटला घेरचा मेळा भरतो तेव्हा रस्ता माणसांनी फुलून जातो. तुम्ही जानेवारीत एकदा गेलात आणि वर्गात निम्मी मुलं बघून ‘उपस्थिती ५० टक्के’ लिहिलंत, तर ते ऋतूचं वर्णन होईल, शाळेचं नाही. निदान चार वेळा जा: जुलै, दिवाळीच्या आधी, जानेवारी आणि होळीनंतर. दोन्ही शाळांना त्याच आठवड्यात, त्याच वारी. शनिवारी सकाळची शाळा असते, तिची तुलना मंगळवारशी करू नका. हजेरीपत्रकाच्या शेजारी मध्यान्ह भोजनाची नोंद ठेवा आणि स्वतः डोकी मोजा. तीन आकडे वेगळे आले तर कुणावर आळ घेऊ नका, फक्त तिन्ही लिहा.

वयाबद्दल एक बारीक गोष्ट. वयपत्रक उघडलंत की पुष्कळ मुलांची जन्मतारीख १ जून दिसेल. नोंदणीच्या वेळी दाखला नसला की तीच तारीख घालायची जुनी रीत. त्यामुळे ‘वयानुसार इयत्ता’ असा तक्ता करायचा असेल तर वर्षापुरताच विश्वास ठेवा, महिन्यांवर नको.

शिक्षकांच्या बाबतीत तुम्ही विद्यार्थी-शिक्षक प्रमाण काढलं आहे. आर.टी.ई. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. त्याखेरीज सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांचा निदान एकेक शिक्षक हवा असंही म्हटलं आहे. प्रमाण बरोबर असूनही गणिताचं माणूस नसलेली शाळा मी बघितली आहे. तीन वर्षं तिथलं गणित भाषेच्या शिक्षकाने सांभाळलं. म्हणून एकूण डोक्यांऐवजी कोण काय शिकवतं ते लिहा. कुठला शिक्षक किती वर्षं इथेच आहे, गावात राहतो की बडोद्याहून अप-डाउन करतो, एका वेळी किती इयत्ता एकत्र बसवतो, हेही घ्या. अप-डाउन करणारा वाईट शिक्षक असतो असं मुळीच नाही. पण साडेपाचची गाडी पकडायची असली की शाळा सुटल्यावर मागे राहिलेल्या मुलापाशी बसता येत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

भाषेवर मला थोडं थांबायचं आहे. छोटाउदेपूरकडे माझ्या पहिल्याच वर्षी तिसरीत एक मुलगा होता. गुजरातीत विचारलं की तोंडातून शब्द नाही. धडा मात्र खडाखडा वाचायचा. मी वहीत लिहिलं, ‘वाचन चांगलं, आकलन नाही.’ एक दिवस स्वयंपाकाच्या ताई तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझा तोच प्रश्न राठवीत, म्हणजे त्याच्या घरच्या भाषेत, विचारला. पोराने गोष्ट सगळी सांगितली, वर कोल्ह्याने काय करायला हवं होतं तेही सांगितलं. माझ्या वहीतली नोंद चुकीची होती आणि तोवर मी किती मुलांबद्दल तसं लिहिलं असेल याचा विचार करून त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या मुलाच्या घरच्या भिंतीवर पिठोरा, म्हणजे राठव्यांचं पारंपरिक भित्तिचित्र, रंगवलेला होता. त्यातल्या एकेका घोड्याची हकिगत तो सांगायचा. तेव्हा वाचून घ्या गुजरातीत, प्रश्न मात्र राठवी जाणणाऱ्या माणसाकडून विचारून घ्या. गावातलीच बारावी झालेली मुलगी मिळेल. तेजगढच्या आदिवासी अकादमीत त्या भाषांवर काम झालं आहे, तिथेही एकदा जाऊन या. पादऱ्याच्या मजूर वस्तीतल्या मुलांसाठीही हीच काळजी घ्या. नाहीतर एका शाळेत आकलन मोजाल आणि दुसरीत भाषेचं अंतर.

तर मग मोजायचं कसं? मी तुमच्या जागी असते तर सत्रान्तचे गुण दुय्यम ठेवले असते आणि तिसरी व पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं शेजारी बसवून स्वतः तपासलं असतं. ‘असर’ची पद्धत साधी आहे आणि गुजरातीतही आहे. वाचनात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं. एका मुलाला सात-आठ मिनिटं लागतात. मूल ज्या पायरीपर्यंत सहज जातं ती त्याची पायरी. हे जुलैत एकदा करा आणि त्याच मुलांचं होळीनंतर, वार्षिक परीक्षेच्या आधी पुन्हा. फेब्रुवारीत करू नका, दुसऱ्या शाळेची निम्मी मुलं तेव्हा गावात नसतील. मग प्रत्येक मूल किती पायऱ्या चढलं ते लिहा आणि आईच्या शिक्षणाच्या गटांत मांडा. शाळेने काय दिलं याच्या जवळ जाणारी गोष्ट हीच आहे. अक्षरावरून उताऱ्यापर्यंत आलेली पाच मुलं मला ६४ टक्क्यांपेक्षा जास्त सांगतात.

मात्र ‘असर’चे प्रसिद्ध आकडे तुमच्या शाळेला चिकटवू नका. तो घरोघरी होणारा पाहणी-अभ्यास आहे, जिल्ह्यातली तीस गावं आणि प्रत्येक गावातली वीस घरं घेऊन. नॅशनल अचीव्हमेंट सर्व्हे २०१७ आणि २०२१ मध्ये झाला, तशीच केंद्राची ‘परख’ची पाहणी २०२४च्या डिसेंबरमध्ये झाली, त्याही नमुना-पाहण्या, जिल्ह्याचं चित्र दाखवणाऱ्या. शाळेची स्वतःची माहिती हवी तर यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतलं शाळा अहवाल-पत्रक घ्या. अकरा आकडी कोड टाकला की इयत्तावार पट, मुलगे-मुली, सामाजिक गट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं सगळं मिळतं. त्यातले आकडे शाळेनेच भरलेले असतात, त्यामुळे मुख्य शिक्षकांसोबत बसून एकदा पडताळा.

तुमच्या वेळेवर आणि मार्गदर्शकांवर यातलं बरंच अवलंबून आहे, हे मला कळतं. प्रबंध मार्चमध्ये द्यायचा असेल तर जुलै आणि होळी बसणार नाही. मग जुलै आणि दिवाळीच्या आधी अशा दोन फेऱ्या करा. काळ थोडा आहे, पण मुलं दोन्ही वेळा सापडतील. मार्गदर्शकांनी शाळा ठरवून दिल्या नसतील तर मी आणखी एक सुचवते. शाळेच्या कामाची तुलना करायची असेल तर दोन्ही शाळा छोटाउदेपूर तालुक्यातल्याच घ्या, सारख्या पटाच्या, सारख्या वस्तीच्या. घरं सारखी असली की उरलेला फरक शाळेचा असण्याची शक्यता वाढते. पादरा आणि छोटाउदेपूर ही जोडी दोन परिस्थितींचं चित्र काढायला उत्तम आहे, पण शाळांना क्रमांक द्यायला फार अवघड. आणि जोडी कुठलीही घ्या, दोन शाळांवरून आदिवासी आणि बिगरआदिवासी मुलांबद्दल सर्वसाधारण विधान करता येत नाही. दोन शाळांवरून दोन शाळांबद्दल बोलता येतं.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: गुण कुणी दिले ते तपासा, तीन वर्षं एकत्र घ्या, आईच्या शिक्षणाने गट पाडा, आलेली-गेलेली मुलं मोजा, वर्षातून चार वेळा जा, मुलाला त्याच्या भाषेत विचारा, आणि त्याच मुलाला दोनदा तपासा. तक्ते यातून आपोआप पडतील, सहा-सातच्या वर लागणार नाहीत.

एक जुनी हकिगत सांगते, कारण तुमच्या प्रबंधाचा परिणाम फक्त तुमच्या गुणपत्रिकेवर होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी काही शाळांची अशीच सरासरीवार यादी केली होती, सदहेतूने. एका बैठकीत ती शाळांच्या नावांसकट मोठ्याने वाचली गेली. तळाच्या शाळेचे मुख्य शिक्षक खाली मान घालून बसले होते. पुढच्या वर्षी त्या शाळेचा निकाल वधारला. मी आनंदाने गेले, तर कळलं की परीक्षेच्या दिवशी न वाचता येणारी मुलं घरी ठेवली होती. त्यातली दोन नंतर शाळेत परत आलीच नाहीत. ती यादी मी केली नसती तर, हा विचार अजून जात नाही. म्हणून प्रबंधात शाळांची नावं घालू नका, गावाचंही नाव नको. ‘नदीकाठची शाळा’ असं वर्णनही नको, तालुक्यातला माणूस लगेच ओळखतो. वर्गात कुठल्याही मुलाला उभं करून जात किंवा बापाचा धंदा विचारू नका. सामाजिक गट वयपत्रकातून घ्या, आईचं शिक्षण एकेकटं बसवाल तेव्हा हळूच विचारा. जिल्हा प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी दोन्ही जिल्ह्यांतून वेगवेगळी लागेल. तो अर्ज आजच टाका, त्याला वेळ लागतो.

तुमच्या निष्कर्षाचं वाक्य मी असं काहीसं लिहीन: ‘पहिल्या शाळेतल्या मुलांचे सत्रान्त गुण जास्त आहेत, दोन्ही शाळांतल्या मुलांच्या आयांच्या शिक्षणात, घरच्या भाषेत आणि स्थलांतरात मोठा फरक आहे, सारख्या घरांतल्या मुलांची जुलै ते मार्च प्रगती पाहता दोन शाळांतला फरक इतका आहे.’ ‘इतका’च्या जागी तुम्ही मोजलेलं येईल. ते शून्य येऊ शकतं, कुठल्याही बाजूला झुकू शकतं. जे येईल त्याचा दोन पानी सारांश गुजरातीत करा आणि प्रबंध सादर करण्याआधी दोन्ही मुख्य शिक्षकांना वाचायला द्या. ते एखादी चूक नक्की दाखवतील. माझ्या वेळी कवांटकडच्या एका गुरुजींनी दाखवली होती: मी ‘गैरहजर’ धरलेली अकरा मुलं त्या महिन्यात आजोळच्या शाळेत रोज बसत होती, फक्त नाव तिथे लिहिलेलं नव्हतं.